साडेपाचला थांबणारे ध्वनिमुद्रण

जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईत, फोर्टमधल्या सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत, एका इंग्रजी चित्रपटासाठी संगीत ध्वनिमुद्रित करत होता, आणि संध्याकाळचे साडेपाच वाजले की त्याला काम थांबवावे लागत होते. त्या वेळी इमारतीतल्या कचेऱ्या सुटत, माणसे धडाधडा जिने उतरू लागत आणि तो आवाज थेट मायक्रोफोनपर्यंत पोहोचत असे. रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सीही आत ऐकू येत. पुढे हॅरिसननेच सांगितले की, त्या ध्वनिमुद्रिकेतले काही भारतीय तुकडे नीट कान देऊन ऐकले, तर मागून टॅक्सी जाताना ऐकू येतात.

मी नोकरीची बरीच वर्षे फोर्टात काढली आहेत, त्यामुळे तो जिना कसा वाजत असेल हे मला कुणी सांगावे लागत नाही. तिथल्या जुन्या इमारतींचे जिने रुंद असतात, पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात, आणि कचेरी सुटण्याच्या थोडे आधीच टेबलांवरची रजिस्टरे मिटून, रिकामे डबे पिशव्यांत जाऊन, माणसे मनाने फलाटावर पोहोचलेली असतात. कुणाला व्ही. टी.हून ठरलेली लोकल गाठायची असते, कुणाला चर्चगेटहून. ती चुकली तर पुढच्या गाडीत डोंबिवलीपर्यंत उभे राहायचे हे ठरलेलेच. त्या जानेवारीत त्या जिन्यावरून उतरलेल्या कारकुनांना, टंकलेखिकांना आणि शिपायांना बंद दाराआड कोण बसले आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध वाद्यवृंदातला एक माणूस त्यांचे पाय खाली पोहोचेपर्यंत थांबून राहत होता. बीटल्सविषयी लिहिणारे हा प्रसंग अडचणींच्या यादीत टाकतात आणि पुढे जातात. मी मात्र तिथेच थांबते, कारण पॉप संगीताच्या इतिहासात माझ्या शहरातल्या नोकरदार माणसाची इतकी थेट नोंद मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाही.

त्या ध्वनिमुद्रणाची बाकीची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा फक्त मोनो यंत्र होते. हॅरिसनला स्टिरिओ हवे होते, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने मुंबईला आणवले. जमलेले वादकही कसे होते पाहा: सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर महापुरुष मिश्र, आणि अनेक वाद्यांवर सारखाच हात चालणारे रिजराम देसाद. सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर होते, आणि त्यांचे नाव प्रथम वाचले तेव्हा मला झालेला आनंद मी लपवणार नाही. यांतल्या काहींची कीर्ती पुढे जगभर गेली. त्या वेळी मात्र त्यांतले बरेच जण सकाळी एका चित्रपटाचे गाणे आणि दुपारी दुसऱ्याचे पार्श्वसंगीत वाजवणारे कष्टकरी वादक होते, आणि ठरलेल्या वेळेत, पहिल्या दुसऱ्या टेकमध्ये चोख काम देणे ही त्यांची रोजची सवय होती. हॅरिसनला त्या सवयीचा किती उपयोग झाला असेल, हे मोजक्या दिवसांत झालेल्या कामावरून कळते.

मोजक्या दिवसांच्या त्या कामात थोडा वेळ उरला, आणि त्या उरलेल्या वेळात, १२ जानेवारीला, एका वेगळ्याच गाण्याचे संगीत मुद्रित झाले. लाओत्झूच्या वचनांवर बेतलेले ते गाणे हॅरिसनने फेब्रुवारीत लंडनला जाऊन गायले, आणि मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’ या बीटल्सच्या तबकडीच्या मागच्या बाजूवर ‘द इनर लाइट’ या नावाने प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना. तिच्यात आवाज त्याचा आहे, शेवटी लेनन आणि मॅकार्टनी साथीला आहेत, पण वाद्य एकाही बीटलने वाजवलेले नाही. सरोद, बासरी, सनई, पखवाज, हार्मोनियम हे सगळे फिरोजशहा मेहता रस्त्यावर वाजले आहे. लाखो घरांत ती तबकडी गेली. तिच्यावर मुंबईच्या वादकांची नावे नव्हती, कारण एकेरी तबकडीवर वादकांची नावे छापण्याची रीतच नव्हती.

नाव न छापण्याच्या त्या रीतीने आपले फार नुकसान केले आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात गाण्याचे पाश्चात्त्य संयोजन करणारे, व्हायोलिनच्या रांगा बसवणारे, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचे तुकडे लिहून देणारे कितीतरी गोवेकर आणि मुंबईकर संगीतकार पडद्यामागेच राहिले. म्हणूनच १९६५ च्या ‘गुमनाम’मधल्या ‘जान पहचान हो’ या गाण्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. लक्ष्मी छाया मुखवटा लावून बेभान नाचते आहे, रफींचा आवाज धावतो आहे, आणि मागे वाजवणाऱ्या बँडच्या ड्रमवर त्यांचे नाव ठळक रंगवलेले आहे: ‘टेड लायन्स अँड हिज कब्ज’. हा मुंबईतला खराखुरा बँड होता. २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाची सुरुवात या गाण्याने झाली आणि परदेशातल्या ज्या तरुणांना हिंदी चित्रपट म्हणजे काय हे माहीत नव्हते तेही ते पुन्हा पुन्हा पाहू लागले. श्रेयनामावलीची वाट न पाहता ड्रमवर रंगाने लिहिलेले ते नाव त्या प्रत्येकापर्यंत पोहोचले.

आता दूरचित्रवाणीकडे येते. मुंबई केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले. आमच्या दादरच्या चाळीत टीव्ही आला तो काही वर्षांनी, तोही एकाच बिऱ्हाडात. शनिवारचा मराठी चित्रपट, रविवारचा हिंदी चित्रपट आणि गुरुवारचे ‘छायागीत’ या वेळांना त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. मध्येच ‘व्यत्यय’ अशी पाटी येई, किंवा पडद्यावर मुंग्या येत आणि कुणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी. हे सगळे माझ्या पिढीच्या अनेकांनी लिहिले आहे, म्हणून मी ते लांबवत नाही. मला सांगायचे आहे ते माझ्या मामाविषयी.

मामाकडे एक कॅसेट रेकॉर्डर होता, आणि ‘छायागीत’ लागले की तो रेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरसमोर स्टुलावर ठेवून मामा गाणी मुद्रित करत असे. वायर जोडण्याची सोय नव्हती, त्यामुळे खोलीत जे ऐकू येई ते सगळे टेपवर जाई. मामा सर्वांना गप्प बसायला सांगे. दोन मिनिटे शांतता राही आणि मग कुणाचे तरी मूल रडू लागे, कुकरची शिट्टी होई, दारातून कुणीतरी चपला कुठे काढू असे विचारी. त्यांतल्या काही कॅसेट माझ्याकडे आहेत. त्यांतली गाणी आज कुठेही, कितीतरी स्वच्छ आवाजात ऐकता येतात, म्हणून गाण्यांसाठी त्या जपण्याचे कारण उरलेले नाही. पण निवेदिकेचे दोन गाण्यांमधले सौम्य, मोजके बोलणे, एका गाण्यात नायिका पडद्यावर आल्याबरोबर खोलीभर उठलेला हुंकार, आणि शेजारच्या काकूंनी नायकाच्या आईविषयी मोठ्याने व्यक्त केलेले मत हे दुसरीकडे कुठेच मुद्रित झालेले नाही. त्या वेळी मामाला ज्या आवाजांचा राग येई, त्यांच्यासाठीच मी आज त्या कॅसेट लावते.

असाच एक प्रकार इंग्लंडमध्ये घडलेला आहे, आणि तो वाचताना मला मामाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. बी. बी. सी.चा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ रोजी, मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चचे रूपांतर करून केलेल्या स्टुडिओतून सुरू झाला आणि दर आठवड्याच्या प्रसारणातून २००६ मध्ये निवृत्त झाला. पॉप संगीताच्या एका संपूर्ण युगाचा तो साक्षीदार होता, पण त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतले बहुतेक भाग आज उपलब्ध नाहीत, कारण ते पुसले गेले. १६ जून १९६६ रोजी बीटल्स स्वतः त्या कार्यक्रमाच्या लंडनमधल्या स्टुडिओत येऊन ‘पेपरबॅक रायटर’ सादर करून गेले. तो भागही गेला. पुढे २०१९ मध्ये त्याचा एक मुका तुकडा समोर आला. लिव्हरपूलमधल्या एका कुटुंबाने त्या संध्याकाळी घरचा ८ मिलिमीटरचा कॅमेरा टीव्हीच्या पडद्यावर रोखून तो टिपला होता. त्यांच्याकडे चित्र राहिले आणि आवाज गेला. आमच्याकडे आवाज राहिला आणि चित्र गेले. एवढ्या मोठ्या संस्थेजवळ जे राहिले नाही ते एका घरातल्या कपाटात राहिले, आणि तेही त्या घरातल्या कुणीतरी हौसेने चित्रित केले म्हणून.

टेप का पुसल्या गेल्या, हे समजून घेतले पाहिजे, कारण त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. चित्रमुद्रणाची दोन इंच रुंद टेप अतिशय महाग होती, आणि तिचा मोठा गुण हाच मानला जाई की तिच्यावर पुन्हा मुद्रण करता येते. कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रसारणावर मर्यादा होत्या. रंगीत चित्र आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना बाजार उरला नाही. आणि लोक एक दिवस जुने कार्यक्रम विकत घेऊन घरी पाहतील ही गोष्ट तेव्हा कुणाच्या मनात येण्यासारखी नव्हती. टेप ही तेव्हा पाटी होती. लिहून झाले, वाचून झाले की पुसायची. आपल्याकडे तर ती परदेशातून आणावी लागे आणि परकीय चलन तोलून मापून खर्च होई, त्यामुळे दूरदर्शनवर पुसून पुन्हा वापरणे हे काटकसरीचे आणि म्हणून योग्य वागणेच मानले जाई. शिवाय कितीतरी कार्यक्रम मुद्रित न होता थेट प्रसारित होत. बातम्या तर थेटच.

म्हणूनच बातम्या वाचणारी स्मिता पाटील मला कधी पाहायला मिळालेली नाही. मुंबई केंद्राच्या अगदी सुरुवातीच्या काळात ती मराठी बातम्या देत असे, आणि जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसे, ही गोष्ट तिला ओळखणाऱ्या अनेकांनी सांगितलेली आहे. पडद्यावर दिसे ते साडीचा पदर, ठसठशीत कुंकू आणि तो सावळा, रोखून पाहणारा चेहरा. टेबलाखाली एक महाविद्यालयीन मुलगी बसलेली असे. श्याम बेनेगल यांचे लक्ष तिच्याकडे गेले आणि १९७५ च्या सुमारास ती चित्रपटांत दिसू लागली. तिचे चित्रपट आपल्याजवळ आहेत, पण ज्या चेहऱ्याकडे पाहून कुणीतरी म्हटले असेल की ही मुलगी कोण, तो दिवेलागणीच्या वेळचा चेहरा हवेत प्रसारित झाला आणि संपला. माझ्या आईने तिला पाहिले होते. बातम्या काय होत्या हे आईला आठवत नाही. ती वाचताना मध्येच थांबून पाहते, एवढे आठवते.

‘चिमणराव’चे तसेच. चिं. वि. जोशींच्या गोष्टींवरची ती मालिका सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात लागत असे. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे या दोघांना त्यानंतरच्या साऱ्या आयुष्यात लोकांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ म्हणून हाक मारली, इतकी ती घराघरांत गेली होती. विनायक चासकरांचा ‘गजरा’, आकाशानंदांचे ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधल्या साहित्यिकांच्या मुलाखती, तबस्सुमचे १९७२ पासून १९९३ पर्यंत चाललेले ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ ही नावे घेतली की माझ्या वयाच्या माणसांचे चेहरे उजळतात. यांतले काही भाग सह्याद्री वाहिनीने अलीकडे यूट्यूबवर आणले आहेत आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण जे आणता येते ते उरलेले आहे, आणि या महाराष्ट्राने एकत्र बसून पाहिलेल्या कार्यक्रमांच्या मानाने ते फार थोडे आहे. आमच्या आधीच्या पिढीच्या नाटकांची संहिता तरी छापली गेली; दूरचित्रवाणीवर झालेले काम संहितेतून कळत नाही, कारण ते नटाच्या भुवईत आणि कॅमेऱ्याच्या जवळिकीत होते.

बी. बी. सी.च्या पुसलेल्या टेपांमधून परत आलेली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. जानेवारी १९७३ मध्ये डेव्हिड बोवी हा ब्रिटिश गायक ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये ‘द जीन जिनी’ गायला आला. त्या दिवशी कॅमेऱ्यावर असलेल्या जॉन हेनशॉल यांनी स्वतः तयार केलेले एक फिशआय भिंग वापरले होते, ज्यातून चित्र गोलाकार वळून दिसे. आपल्या भिंगाचा नमुना म्हणून त्यांनी त्या गाण्याची प्रत मागून घेतली आणि जपून ठेवली. मूळ टेप रीतीप्रमाणे पुसली गेली. हेनशॉल यांना जवळजवळ चार दशके वाटत राहिले की बी. बी. सी.कडे ती असणारच. २०११ मध्ये त्यांना कळले की जगातली एकमेव प्रत त्यांच्याच घरात आहे, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये लोकांनी ते गाणे पुन्हा पाहिले. हेनशॉल यांनी बोवीला वाचवायचे म्हणून ते जपले नव्हते. एका कारागिराला आपल्या हातून झालेल्या कामाचा अभिमान होता आणि त्या अभिमानाने बोवी आपल्याला परत मिळाला. कॅमेरामन, ध्वनिमुद्रक, संकलक यांना आपण इतिहासाच्या कडेला उभे करतो. हा इतिहास त्यांच्या घरातल्या माळ्यावर आहे, हे मला फार दिवसांपासून वाटते.

मागच्या बाजूच्या गाण्यांचेही असेच एक भाग्य असते. बंगळुरूचा बिद्दू हा तरुण मुंबईत पाश्चात्त्य गाणी गात असे आणि मग इंग्लंडला निघून गेला. १९७४ मध्ये त्याने कार्ल डग्लस या गायकाचे एक गाणे तबकडीच्या पुढच्या बाजूसाठी मुद्रित केले. सगळा वेळ त्यातच गेला, आणि मागच्या बाजूसाठी काहीतरी हवे म्हणून स्टुडिओच्या उरलेल्या दहा मिनिटांत, दोन टेकमध्ये ‘कुंग फू फायटिंग’ उरकले. कंपनीने ते ऐकल्यावर बाजू उलटवली, आणि त्याच वर्षी ते इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोहोचले. याच बिद्दूने पुढे १९८० मध्ये ‘कुर्बानी’साठी पंधरा वर्षांच्या नाझिया हसनकडून ‘आप जैसा कोई’ लंडनमध्ये गाऊन घेतले आणि गणपतीच्या मांडवापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे ते वाजू लागले. ते गाणे मला स्वतःला तितकेसे प्रिय नाही, पण त्या आवाजात गाण्याचे वळण शिकलेल्या गायिकेचा सराईतपणा नव्हता, आणि तो नसणेच लोकांना इतके आवडले, हे कबूल केले पाहिजे.

मला प्रिय आहे ती त्याच डिस्कोच्या लाटेत बुडालेली एक तबकडी. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांतले जुने, अनुभवी वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, आणि एच. एम. व्ही.ने ती ध्वनिमुद्रिका काढली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे राग, मागे एकसुरी, न थकणारा ठेका, आणि सतत वळत राहणारा यंत्राचा खर्ज. ती ध्वनिमुद्रिका विकली गेली नाही. त्या तीन यंत्रांतले टीबी-३०३ हे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला साथ देण्यासाठी बनवलेले होते. त्यालाही गिऱ्हाईक मिळाले नाही आणि १९८४ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन बंद केले. मग शिकागोमधल्या तरुणांनी ती टाकून दिलेली यंत्रे स्वस्तात घेतली, आणि १९८७ मध्ये फ्यूचर या त्रयीच्या तबकडीपासून ‘ॲसिड हाउस’ नावाची संगीताची संपूर्ण शाखा सुरू झाली असे मानले जाते. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने चरणजित सिंगांची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रकाशित केली तेव्हा ती ऐकून लोकांना खरे वाटेना, कारण शिकागोच्या पाच वर्षे आधीचा तोच आवाज मुंबईत होता.

याला पाश्चात्त्य लेखक योगायोग म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. त्या यंत्राचे वैशिष्ट्य हे होते की ते एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शके, आणि ज्याच्या कानात जन्मापासून मींड आहे अशा माणसाच्या हाती ते यंत्र आल्यावर त्याने त्या घसरणीचा उपयोग रागाची चाल दाखवण्यासाठी केला, यात नवल काय? खर्ज धरून ठेवणे आणि त्याच्यावर सुरांचा हळूहळू विस्तार करणे ही आपली जुनी पद्धत आहे. नृत्यगृहातल्या संगीतालाही नेमके तेच हवे असते. चरणजित सिंगांनी भविष्य ओळखले होते असे म्हणण्यापेक्षा, त्यांनी आपल्या हातातल्या यंत्राला आपल्याला येत असलेले काम प्रामाणिकपणे करायला लावले, असे मी म्हणेन. सुदैवाने हे कौतुक त्यांच्या हयातीत झाले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोपात जाऊन ते संगीत तरुणांसमोर वाजवले, आणि २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

शहराच्या जागांचेही असेच होते. धोबीतलावच्या रंगभवनात मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड वाजवून गेला, आणि त्यांना बोलावले होते ते टाइम अँड टॅलेंट्स क्लब या मुंबईतल्या महिलांच्या धर्मादाय संस्थेने. त्याआधी १९७८ मध्ये तिथेच ‘जॅझ यात्रा’ या संगीत महोत्सवात सॉनी रोलिन्सचा सॅक्सोफोन उघड्या आकाशाखाली वाजला होता. पुढे शेजारच्या रुग्णालयांमुळे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले. रुग्णांना शांतता मिळालीच पाहिजे. पण तिथल्या रात्री ज्यांनी अनुभवल्या त्यांचे बोलणे ऐकताना कुणीतरी ते लिहून घेतले पाहिजे असे मला दर वेळी वाटते.

लिहून घेण्याची घाई आहे, आणि ती मुंबईच्या हवेमुळे अधिक आहे. चुंबकीय टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली लोहाच्या ऑक्साइडची पूड. तिला धरून ठेवणारा चिकट थर दमट हवेतले पाणी शोषतो, मऊ होतो आणि टेप यंत्राच्या डोक्याला चिकटून सोलली जाऊ लागते. आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात कपाटातल्या व्हिडिओ कॅसेटवर पांढरी बुरशी धरते, आणि तशी कॅसेट साफ न करता यंत्रात घातली तर तीही जाते आणि यंत्रही बिघडते. मामाच्या कॅसेट मी एका जाणकार तंत्रज्ञाकडून संगणकावर उतरवून घेतल्या, तेव्हा त्यांनी मला प्रत्येक डबीवर काय आहे, कोण बोलते आहे आणि साधारण कोणत्या वर्षीचे आहे हे लिहायला लावले. बोलणारी माणसे ओळखण्यासाठी मी आईला शेजारी बसवले, कारण काही आवाज आता फक्त तिलाच ओळखता येतात.

मुंबईत टीव्ही सुरू झाला त्याच वर्षी, १९७२ मध्ये, लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्याने मुद्रित केली, आणि कुलाब्यातल्या स्लिप डिस्क नावाच्या लहानशा डिस्कोथेकमध्ये उसन्या वाद्यांवर वाजवूनही गेले. ती दोन मुद्रणे कित्येक वर्षे चोरट्या प्रतींतून फिरत होती. २०१५ मध्ये ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांवर ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढेच नाव छापले होते. मी ती अनेकदा ऐकली आहेत. सारंगी आणि तंतुवाद्ये त्या परक्या, आडव्यातिडव्या लयीला सुरुवातीला किंचित बिचकतात आणि मग तिला धरून जे वाजवू लागतात ते ऐकताना वाजवणाऱ्यांचे चेहरे पाहावेसे वाटतात. यांतल्या प्रत्येक माणसाला नाव होते, दादरला किंवा गोरेगावला किंवा माहीमला घर होते. चित्रपटसृष्टीतले वादक रोजच्या ध्वनिमुद्रणांची नोंद डायरीत ठेवत असत, कारण त्या नोंदीवरून पैशांचा हिशोब होई. तुमच्या घरात कुणी व्हायोलिन, सारंगी किंवा तबला वाजवणारे आजोबा होऊन गेले असतील आणि त्यांची १९७२ ची डायरी रद्दीत गेलेली नसेल, तर तिच्यात दोन परदेशी गोऱ्यांबरोबरच्या एका कामाची ओळ आहे का, तेवढे कृपा करून पाहा आणि मला कळवा.